आसूडाचं टोक आणि लाथेचा वेग

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारच्या दिवशी पोतराज आसूड फिरवतो, तेव्हा कडाड आवाज कशाचा होतो? अंगावरच्या फटक्याचा, असं वाटतं. पण तो कडाड हवेतच होतो. मनगट जेमतेम हलतं, ती हालचाल जाड मुठीकडून बारीक टोकाकडे सरकताना वाढत जाते आणि टोक आवाजाच्या वेगालाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतं.

तायक्वांदोची डॉल्यो चागी घ्या किंवा कराटेची मवाशी गेरी, आडवी फिरवलेली किक याच वाटेने जाते. अर्थात, आवाजाचा वेग काही पाय गाठत नाही. आधी उभ्या पायाचा चवडा फिरतो, मग कंबर, मग खुब्यातून मांडी. गुडघा तोवर घट्ट दुमडलेला. आणि नेमक्या क्षणी मांडी मंदावते! तिचा वेग पोटरीला मिळतो, पाऊल झटक्यात सुटतं.

गुडघा दुमडायचा का? वजन सांध्यापासून जितकं लांब, तितकं फिरवायला जड. अंतर दुप्पट झालं, तर हा जडपणा चौपट.

चोपड्याकडची एक मुलगी माझ्याकडे शिकते. केळीच्या बागेत राबणारं घर, पायात भरपूर ताकद, पण किक संथ. मी तिच्या घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधल्या. चूक माझी होती. वजन नेमकं सगळ्यात लांबच्या टोकाला गेलं आणि गुडघे दुखायला लागले. शेवटी फोनवर तिची किक संथ गतीत पाहिली. मांडी आणि पोटरी एकदमच येत होत्या, काठी फिरवावी तशा. शिवाय मांडीचे मागचे स्नायू ताठ. गुडघा उघडतात पुढचे स्नायू; त्या वेळी मागचे आवळलेले राहिले, तर तेच ब्रेक लावतात.

म्हणून वेगासाठी सैल पडायला शिकावं लागतं. मला तर हेच शिकवायला सगळ्यात अवघड वाटतं. पण मोल मोठं आहे: पायाचा वेग दुप्पट झाला, तर फटक्यातली ऊर्जा चौपट होते.

पिशव्या मी काढून टाकल्या. आता ऊन चढायच्या आत ती ओट्याच्या कडेवर बसते आणि लोंबत्या पोटऱ्या नुसत्या झटकते. तुमच्या घरी कुणी कराटे शिकत असेल, तर त्याचीही किक संथ गतीत टिपा. गुडघा आधी पुढे येतो की पाऊल, एवढंच बघा.