पत्र्याचं पाणी

(चित्रपटाचं निवेदन. कुर्ला, सकाळ. आधी हातोडीचा आवाज, मग गॅरेज दिसतं.)

हा आवाज कुर्ल्यात राहणाऱ्याला पाठ असतो. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी घालायची, आणि पोचा थोडा थोडा वर काढायचा. मामा तीस वर्षं हे काम करतायत. मूळचे पाटणकडचे. पद्मिनी टॅक्सी तर त्यांच्या हाताखालून किती गेल्या याची मोजदादच नाही. ती गाडी बनायचीही इथेच, कुर्ल्यात, प्रीमियरच्या कारखान्यात. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या टॅक्सीतून तिनं निरोप घेतला, पण मामांच्या बोलण्यातून ती अजून गेलेली नाही.

"तिचा पत्रा म्हणजे पत्रा होता," मामा म्हणतात, आणि शेजारच्या नव्या गाडीच्या दारावर अंगठा दाबून दाखवतात. पत्रा आत जातो, अंगठा काढला की परत येतो. "हा बघा. डबा!"

गाडी बघायला गेल्यावर आपणही हेच करतो. मी धातुशास्त्र शिकलो, मग बारा वर्षं प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात तिथे, काढली, आणि इतकी वर्षं मला या अंगठ्याबद्दल बोलायचं होतं. कारण अंगठा जिथे पोचतो तिथे गाडीचं बळ नाहीच. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्याचं काम आकार धरायचं आणि रंग मिरवायचं. माणूस वाचवणारं पोलाद त्याच्या आत आहे.

(दार उघडतं. पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब. रबराची पट्टी ओढून काढलेली.)

हा मधला खांब. बाजूनं ट्रक आला तर ट्रक आणि तुमच्या बरगड्या यांच्यामध्ये एवढाच आडवा येतो. दिसायला राखाडी पत्रा. पण एक हिशोब करून बघा. साध्या मऊ पत्र्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची काडी कापली, म्हणजे सुतळीएवढी, आणि तिला भरलेला घरगुती गॅस सिलिंडर टांगला, साधारण तीस किलो, तर ती तुटायच्या बेतात येते. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये हा खांब ज्या पोलादाचा असतो, त्याची तेवढीच काडी पाच सिलिंडर पेलते. आमच्या भाषेत ३०० मेगापास्कल आणि १५०० मेगापास्कल.

लोखंड तेच. जादा कार्बन किती? शंभर भागांत पाव भागसुद्धा नाही. मग हे बळ आलं कुठून?

मामांना हे समजावताना मला त्यांच्या गावचा लोहार आठवायला लागला. कोयता घडवून झाला की लोहार त्याची धार लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो. कोयत्याला पाणी पाजलं, असं आपण म्हणतो. पाणी नीट बसलं तर धार टिकते. तोच कोयता पुन्हा चुलीत पडला तर पाणी उतरतं, आणि मग तो ऊस काय, भाजीही कापत नाही. या दोन शब्दांत, पाणी पाजणं आणि पाणी उतरणं, आजच्या मोटारीच्या पोलादाचं अर्धं शास्त्र बसतं. बाकीचं अर्धं आता सांगतो.

(भट्टीतला लाल पत्रा. आवाज नाही.)

लोखंडाचे अणू रांगेत उभे असतात. थंड असताना त्यांची मांडणी एक, त्याला फेराइट म्हणतात. त्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तापमान वाढवत नेलं की अणू रांगा मोडून दुसरी मांडणी घेतात, ऑस्टेनाइट. त्यातल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून कार्बन त्यात आरामात विरघळतो. आता सावकाश गार केलं तर कार्बन हळूहळू बाहेर पडतो, लोखंड पुन्हा मऊ फेराइट होतं, आणि बाहेर पडलेला कार्बन त्याच्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. पण झटकन गार केलं तर? कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. रांगा बदलायच्या तर आहेत आणि आत पाहुणा अडकलाय. अणू सगळे मिळून एकदम सरकतात, एका अणूच्या अंतराहूनही कमी, आणि ती मांडणी एका बाजूला ताणलेली, तणावाखालची अशी गोठून जाते. हे मार्टेन्साइट. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. कोयत्याच्या धारेत हेच असतं.

मार्टेन्साइट कडक, पण नुसत्या मार्टेन्साइटचा पत्रा थंड असताना प्रेसमध्ये घातलात तर खोल आकार घेणार नाही, फाटेल. मऊ फेराइट वाटेल तसा वळतो, पण धक्क्याला उभा राहत नाही. गाडीला दोन्ही हवं. म्हणून ड्युअल फेज पोलाद आलं, म्हणजे दोन्ही मांडण्या एकाच पत्र्यात, आमच्या तोंडी नुसतं डीपी.

त्याची युक्ती मला आजही सुंदर वाटते. पत्रा पूर्ण तापवायचाच नाही. साधारण साडेसातशे ते साडेआठशे अंशांच्या मधे थांबायचं, जिथे अर्धमुर्धं लोखंड ऑस्टेनाइट झालेलं असतं आणि उरलेलं फेराइटच असतं. कार्बन आपोआप ऑस्टेनाइटकडे धाव घेतो. तिथून झटकन गार करायचं. ऑस्टेनाइटच्या जागी मार्टेन्साइट होतं, बाकी सगळं मऊ राहतं.

(सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र. फिकट कण, त्यांच्या कडांना गडद बेटं.)

हा तुकडा मी स्वतः घासलाय. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग हिऱ्याची पेस्ट, आरशासारखा होईपर्यंत. त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं थोडंसं नायट्रिक आम्ल, काही सेकंद. फिकट दिसतंय ते फेराइट, मधली बेटं मार्टेन्साइटची. बेट तयार होताना ते थोडं फुगतं आणि शेजारच्या मऊ फेराइटला ढकलतं. त्या ढकलण्यानं फेराइटमध्ये डिसलोकेशन सुटी होतात, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या सरकत जाणाऱ्या चुका. म्हणूनच डीपीचा पत्रा ओढायला लागलं की तो अडखळत नाही, लगेच वळायला लागतो, आणि वळता वळता भराभर कडक होत जातो. पवईच्या आयआयटीत कणांची दिशा मोजणारी सुविधा आहे. इलेक्ट्रॉनचा झोत एकेका कणावरून फिरवून कुठला कण कुणीकडे तोंड करून बसलाय हे रंगांत दाखवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच नव्हतो.

पण बेटं आणि समुद्र यांच्यातला हा फरकच डीपीचा दुखरा भाग आहे, आणि हे मी पुस्तकात शिकलो नाही. एका प्रेसशॉपमध्ये असताना ७८० मेगापास्कलच्या पत्र्याचा एक ब्रॅकेट आम्ही काढत होतो. ओढण्याची चाचणी व्यवस्थित, कागद सगळे बरोबर. आणि पाळी संपता संपता कडेला चिरा यायला लागल्या. मधे कुठेही नाही, फक्त कापलेल्या कडेला. माल परत आला, रात्र गेली, पत्रा पुरवणाऱ्याला मी फोनवर वाट्टेल ते बोललो. सकाळी एका जुन्या टूलरूमवाल्या काकांनी कड बोटानं चाचपली, एका बाजूला उभी राहिलेली बर, म्हणजे कापताना सुटलेली धारदार कंगोरी, दाखवली आणि म्हणाले, "पंच बोथट झालाय, साहेब." पंच म्हणजे पत्रा कापणारं हत्यार. कापताना पत्र्याची कड आधीच चिरडली जाते. मऊ फेराइट आणि कडक बेट यांच्या सीमेवर बारीक पोकळ्या सुटतात. पुढच्या वळणाला त्याच उघडतात. साध्या पत्र्यानं हे सोसलं असतं. दोष पत्र्याचा नव्हताच. पुरवठादाराची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

दुसरी तक्रार, आणि ती प्रत्येक प्रेसशॉपची: पत्रा उसळी मारतो. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, नव्वद अंशांत वाकवला की बाहेर आल्यावर थोडा उघडतो. कारण बळ कितीही वाढवा, पोलादाचा ताठपणा, म्हणजे लवून परत येण्याआधीचा विरोध, तोच राहतो, साधारण २१० गिगापास्कल. जेवढं बळ जास्त, तेवढी परत उसळी जास्त. म्हणून डाय बनवणारा आधीच जास्त वाकवून ठेवतो, आणि किती जास्त, ते अनुभवानं आणि आता संगणकानं ठरवतो.

आणखी एक जात आहे, ट्रिप. १९६७मध्ये अमेरिकेत झॅके आणि पार्कर यांनी ही कल्पना मांडली. आज गाडीच्या पत्र्यात सिलिकॉन किंवा अॅल्युमिनियम घालून थोडं ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही टिकवून ठेवतात. पत्रा ताणला गेला, एखादी जागा बारीक व्हायला लागली, की नेमकं तिथलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं. जिथे फाटायचं असतं तिथेच पत्रा कडक होतो आणि ताण शेजारी सरकतो. अपघाताच्या क्षणी, सेकंदाच्या छोट्या भागात, गाडीच्या आत हे घडत असतं.

(पुन्हा भट्टी. यांत्रिक हात लाल पत्रा उचलतो, डाय मिटतो.)

आता तो खांब. त्याचं पोलाद २२एमएनबी५. कार्बन ०.२२ टक्के, थोडं मँगनीज, आणि बोरॉन हजार भागांत एका भागाचे दोन-चार शतांश. एवढासा बोरॉन फेराइट तयार व्हायला उशीर लावतो. पत्रा ९०० अंशांच्या वर तापवतात, पूर्ण ऑस्टेनाइट. लाल आणि मऊ असतानाच प्रेसमध्ये टाकतात. डायच्या पोटातून पाणी फिरत असतं. प्रेस मिटतो तो काही सेकंद मिटलेलाच राहतो, पत्रा सेकंदाला तीसेक अंशांनी गार होतो. आकार आणि पाणी, दोन्ही एकाच ठोक्यात. उसळी जवळजवळ नाही. ही पद्धत स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात आली, आणि १९८४मध्ये साब कंपनीनं ती आपल्या गाडीत पहिल्यांदा वापरली. आपल्याकडे समोरून ५६ किलोमीटरच्या वेगानं आणि बाजूनं ५० किलोमीटरच्या वेगानं धडकेची चाचणी १ ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना सक्तीची झाली. भारत एनकॅप, म्हणजे धडकेच्या चाचणीवरून गाडीला सुरक्षेचे तारे देणारी योजना, १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली, त्यात समोरची धडक ६४ किलोमीटरची. या चाचण्यांमुळे असं पोलाद आपल्या गाड्यांतही यायला लागलं.

आणि बाहेरचा तो अंगठ्याचा पत्रा? तोही अगदी साधा नाही. रंगाच्या भट्टीत १७० अंशांना वीसेक मिनिटं राहिला की त्यातला थोडासा सुटा कार्बन डिसलोकेशनना जाऊन चिकटतो, आणि पत्रा पोच्याला जरा जास्त टिकतो. मामांना हे आवडलं. "म्हणजे रंगासंगं भाजून निघतो," म्हणाले.

(गॅरेज, दुपार. धडकलेली गाडी. मधला खांब आत दबलेला.)

मला हा चित्रपट करायला लावलं ते या गाडीनं. मालक म्हणाला होता, विम्याची कटकट नको, कमीत कमी खर्चात करून द्या. मामा गॅसचा टॉर्च पेटवून खांबाकडे वळले होते. लाल करून ओढायचा, तीस वर्षांची सवय. पद्मिनीला ते चालायचं.

"मामा, थांबा. हा खांब तापवू नका."

"मग सरळ कसा व्हायचा?"

"नाही करायचा. बदलायचा. ह्याला पाणी पाजलेलं आहे. लाल केलात तर उतरेल."

लाल करून हवेत गार होऊ दिला, तर १५०० निम्म्याच्याही खाली येऊ शकतात. वर पुट्टी, वर रंग. बाहेरून कुणालाही कळणार नाही. पुढची धडक बसेपर्यंत. यात मामांचा दोष मी धरत नाही. कुठला पत्रा तापवायचा आणि कुठला नाही, हे कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत असतं. मामांच्या बाकड्यावर मराठीतलं असं एकही पान मी पाहिलेलं नाही. ते पोचायला हवं, प्रत्येक गॅरेजमध्ये, भिंतीवर लावलेलं.

मामांनी टॉर्च बंद केला. खांबाकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाहेरून तर सगळा पत्रा सारखाच. ओळखायचा कसा?"

मी गाडीच्या मॉडेलबद्दल, आकृत्यांबद्दल सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला, आणि खालच्या डब्यातून ड्रिलचे तीन बिट काढून माझ्या तळहातावर ठेवले. टोकं निळी पडलेली, जळालेली.

"परवा असाच एक खांब होता. वेल्डचे टिपके काढता काढता तिन्ही गेले. बिटवाल्याला शिव्या घालून आलो."

मग त्यांनी खडू घेतला आणि खांबावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. पोऱ्याला हाक मारली. "ह्याला गॅस लावायचा नाही. मालकाला फोन लाव, मी बोलतो."