चालत्या वाटेवरचा सिग्नल

तळेगाव सुटलं की लोणावळा लोकल वेग धरते. समजा, ताशी ९० किलोमीटर; म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दारापाशी उभी मुलगी फोनवर सांगतेय, "आई, वडगाव आलं गं." पलीकडून आई काहीतरी विचारते. तो प्रश्न टॉवरवरून फोनकडे एकाच वाटेनं येत नाही. काही लहरी थेट येतात, काही डब्याच्या पत्र्यावर, इमारतींवर, डोंगरावर आपटून किंचित उशिरा. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे पार पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर. त्यामुळे साधारण दर आठ सेंटिमीटरला सिग्नलमध्ये खड्डा येऊ शकतो, आणि गाडी तेवढं अंतर तीन-साडेतीन मिलिसेकंदांत कापते.

अशा वाटेवरून आकड्यांत बदललेला आवाज धाडायचा, तर वाट आत्ता कशी आहे हे सारखं तपासावं लागतं. म्हणून ४जीचा टॉवर मजकुरात मधेमधे फोनला आधीच ठाऊक असलेले संकेत घालतो, एका मिलिसेकंदात चारदा. ते किती बिघडून आले, यावरून फोन बाकीचा मजकूर सावरतो. तेवढी जागा मजकुराची जाते खरी, पण या साऱ्या रचनेतला सर्वांत शहाणा खर्च मला हाच वाटतो.

वेगामुळे वारंवारताही सरकते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला हा परिणाम. आपल्या लोकलसाठी तो फार तर १५० हर्ट्झ. ४जीत मजकूर वाहून नेणाऱ्या शेजारशेजारच्या लहरींच्या वारंवारतांमध्ये १५,००० हर्ट्झचं अंतर राखलेलं असतं, त्यात तो खपून जातो.

याच मार्गावर पुण्यात शिवाजीनगरला सीओईपी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला किलोभराचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून अवकाशात गेला. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर! ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा त्याचा संकेत, उपग्रह क्षितिजावर उगवताना सुमारे १०,००० हर्ट्झ वर सरकलेला, मावळताना तेवढाच खाली. तरीही ही सरक आवरणं सोपं, कारण कक्षा ठाऊक असते. वेगापेक्षा अवघड असतं ते पुढच्या क्षणाचा अंदाज नसणं. इथे प्रत्येक सेकंदाचं गणित आधीच मांडून रिसीव्हरची वारंवारता त्यानुसार बदलत नेता येते. उपग्रह डोक्यावर आला की सरक शून्य होते, पण तिथेच ती सर्वांत झपाट्यानं बदलते. तेवढा वेळ रिसीव्हर फार जपून न्यावा लागतो.