एका वावराचे दोन दावे

हे वावर यवतमाळ जिल्ह्यातलं. काळी माती, पऱ्हाटीच्या मधात तुरीचे तास, आणि हा दगडगोट्यांचा पट्टा दिसतोय ना, तो धुरा, म्हणजे वावराचा बांध. या एकाच वावराचे दोन दावे दोन कोर्टांत चालू होते. काकूंनी तालुक्याला मनाईचा दावा टाकलेला, की माझ्या वहिवाटीत दिरानं आडवं येऊ नये, आणि दिरानं यवतमाळला वरिष्ठ स्तर कोर्टात वाटणीचा. सातबारा तोच, साक्षीदार तेच, पण तारखा वेगळ्या, वकील वेगळे, आणि उद्या दोन्हीकडून उलटसुलट निकाल आले तर माणसानं कोणता धरायचा?

गावात विचारलं तर बहुतेक लोक सांगतात की वरचं कोर्ट म्हणजे अपील, हरल्यावर जायचं. पण निकालाच्या आधीसुद्धा दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात नेता येतो आणि त्यासाठी अर्ज पक्षकार स्वतः करू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम २४. जिल्हा न्यायालयाकडे किंवा हायकोर्टाकडे, म्हणजे आपल्या विदर्भासाठी नागपूर खंडपीठाकडे. हे लोकांना कोणी सांगतच नाही, म्हणून हा व्हिडिओ.

आता हा टायपिस्टचा टेबल. कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली. अर्जाचं काम चालू आहे आणि टायपिस्ट चतुःसीमा विचारतोय, काकू हातातल्या कागदाकडे न बघता सांगताहेत, तो टाइप करून वाचून दाखवतो तर पूर्व-पश्चिम उलटी झालेली. "नाही बाप्पा, नाला उगवतीकडं हाये, मावळतीले त दिराचं वावर हाये." तो पुसतो, परत टाइप करतो. मग शपथपत्र, दोन्ही दाव्यांच्या नकला, नोटरीचा शिक्का, कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्र.

हा अर्ज गेला यवतमाळला जिल्हा न्यायाधीशांपुढे. दिराला नोटीस निघाली, त्याचं म्हणणं आलं. कोर्टहॉलमध्ये कॅमेरा नेता येत नाही त्यामुळे युक्तिवाद तुम्हाला दिसणार नाही, पण वकीलसाहेबांनी बाहेर येऊन मुद्दा नीट समजावला. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर कोर्टाला दाव्याच्या रकमेची मर्यादा असते, वाटणीचा दावा त्या मर्यादेच्या वरचा, म्हणून तो खाली आणता येत नव्हता, मग खालचाच वर न्यायचा. आणि कारण पटावं लागतं. जज्जसाहेबांनी दोन उलट प्रश्न विचारले म्हणून माझा भरवसा उडाला, एवढ्यावर दावा हलत नाही. एकच जमीन, तेच पक्षकार, तोच पुरावा, हे कारण चालतं.

काकूंना एकच धाक होता, की सगळं पहिल्यापासून करावं लागेल. गावातल्या शहाण्यांनीच तो घातलेला. कलम २४ मध्येच लिहिलंय, दावा ज्या टप्प्यावर आला तिथूनच पुढे चालवता येतो. नव्यानं चालवायचा अधिकार नव्या कोर्टाला आहे, पण तसं करायलाच पाहिजे असं नाही.

अर्ज मंजूर झाला. तालुक्याची फाईल यवतमाळला गेली, दोन्ही दावे आता एकाच कोर्टात आहेत, पुढची तारीख पुराव्याची. मधल्या काळात धुऱ्याकडचा पट्टा पडीक राहिला, आणि वकिलांच्या फीपायी बैलजोडी विकावी लागली.

ती फीसुद्धा वाचली असती. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मागता येतो, आणि त्याचा अर्ज तालुका कोर्टातच विधी सेवा समितीकडे द्यायचा असतो. काकूंनी तो आता दिलाय.