मिठाला न बधणारं सोनं

(दृश्य: म्हापसा, कॉलेजची प्रयोगशाळा. उकळता चंबू.)

या फिकट पिवळ्या पाण्यात सोनं विरघळलेलं आहे. लिटरमागे जेमतेम ५० मिलिग्रॅम. काचेची भांडी आधी अम्लराजानं, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं धुतली. तिथं मॅडमनी आम्हाला कॅमेरा आणू दिला नाही.

आता सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, पडतंय. पिवळी झाक गेली. करडं... जांभळं... आणि हा लाल!

(इथे संगीत नको.)

सायट्रेटमुळे विरघळलेल्या सोन्याचे बारीक कण झाले. ही कृती रसायनशास्त्रज्ञ तुर्केविच यांची, १९५१ सालची. मायकेल फॅरडे यांनी तर १८५७मध्येच सोन्याचं लाल पाणी करून दाखवलं होतं. एकेक कण १५ नॅनोमीटरच्या आसपास; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतकं बारीक सोनं हिरवा प्रकाश गिळतं, म्हणून आपल्याला लाल दिसतं.

(दृश्य: दोन परीक्षानळ्या, जवळून.)

पहिल्या नळीत मीठ. बघा, निळी झाली. कणांना चिकटलेल्या सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे कण एकमेकांपासून लांब होते. मिठानं तो प्रभार झाकला, कण गोळा झाले. आम्ही हौसेनं हडफड्याच्या मिठागरातलं मीठ नेलं होतं. त्यात मॅग्नेशियमही असतं, म्हणून मॅडमनी ते बाजूला ठेवलं. हे बाटलीतलं शुद्ध सोडियम क्लोराइड.

दुसऱ्या नळीत आधीच एक पेप्टाइड घातलंय. म्हणजे पाच अमिनो आम्लांची, प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, साखळी: सिस्टीन, अ‍ॅलनीन, ल्युसीन, मग दोन अ‍ॅस्पॅराजीन. लिव्हरपूलच्या संशोधकांनी ती २००४मध्ये मांडली. सिस्टीनमधलं गंधक सोन्याला पकडतं. मधली दोघं पाण्यापासून अंग चोरून शेजारच्या साखळ्यांना बिलगतात. अ‍ॅस्पॅराजीन बाहेर, पाण्याकडे. प्रथिनाची घडणही अशीच, पाणी टाळणारा गाभा आत आणि पाण्यात रमणारा भाग बाहेर. म्हणून हे कण पुष्कळसे प्रथिनासारखे वागतात. गोठवून सुकवले तरी भुकटी पुन्हा पाण्यात विरघळते.

आता तेवढंच मीठ.

(पाच सेकंद शांतता.)

लालच!

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक इथं नाही, आणि या प्रयोगापुरता तो लागतही नाही. रंग डोळ्यांना दिसतो. आकडा हवा तर कोपऱ्यात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, कुठला प्रकाश किती गिळला जातो ते मोजणारं यंत्र. पेप्टाइड तेवढं बाहेरून मागवलं. बाकी सगळं पदवीच्या मुलांनी केलं, आणि गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात हे करता येईल.

उपयोग? पेशींमध्ये खुणा करायला, रोगनिदानाला. औषधाच्या दुकानातल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघही बहुतेकदा सोन्याच्या कणांचीच असते.