पटकथेचा वर्ग

(दृश्य: पुणे. लॉ कॉलेज रोडवरचं एफटीआयआयचं फाटक. आत प्रभात स्टुडिओची जुनी इमारत.)

निवेदन:
कोल्हापूरहून निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीने 1933 मध्ये पुण्यात, या आवारात बस्तान बसवलं. पुढे कंपनी बंद पडली आणि 1960 मध्ये त्याच जागेत केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची एफटीआयआय, सुरू झाली. दिग्दर्शन शिकणाऱ्यांना इथे पटकथा शिकावी लागतेच, पण ज्याला फक्त लिहायचंय त्याच्यासाठीही वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याच्या नावात आता चित्रपटासोबत टीव्ही आणि वेब सिरीजही आल्या आहेत. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत डिजिटल माध्यमांसाठीचं लेखन हा स्वतंत्र विषय आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हिसलिंग वुड्स ही खासगी संस्थाही पटकथा शिकवते. पदवी कुठल्याही शाखेची चालते. एफटीआयआयच्या प्रवेशपरीक्षेला वाणिज्यवालाही बसतो आणि इंजिनियरही.

घरून एक प्रश्न हमखास येतो. लिहिता येतं ना तुला? मग लिही की! त्यासाठी दोन वर्षं कशाला?

(दृश्य: वर्ग. फळ्यावर खडूने लिहिलेलं एक वाक्य.)

निवेदन:
"नोकरी सुटून तीन महिने झाले, पण सुभाषने घरी काही सांगितलं नव्हतं."

कथेत हे वाक्य चालून जातं. पडद्यावर ते दिसणार कसं? नवखा विद्यार्थी लगेच एक मित्र आणतो. मित्र फोनवर विचारतो, "अरे सुभाष, तीन महिने झाले, वहिनींना सांगितलंस की नाही?" माहिती पोचली, प्रसंग मेला. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मित्राची सुट्टी होते. बायको सकाळी डबा भरून देते आणि भर दुपारी सुभाष संभाजी बागेतल्या बाकावर बसून तो उघडतो. हे बरंय, पण असा डबा आपण पूर्वीही पाहिलेला आहे. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये हे येतं:

(पडद्यावर पटकथेचं पान.)

इंटिरियर. इमारतीचा जिना. संध्याकाळ.
सुभाष जिना चढून दारापाशी येतो. थांबतो. बॅगेतून कंपनीचं ओळखपत्र काढून गळ्यात अडकवतो. कॉलर नीट करतो. बेल दाबतो.

निवेदन:
संवाद एकही नाही. सगळा प्रसंग पाव पानाचा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा या धंद्यातला हिशेब आहे, म्हणजे पंधरा सेकंदांचं काम. तेवढ्यात सुभाषचं खोटं कळलं, ते रोजचं आहे हेही कळलं, आणि आता दार कोण उघडणार याची धास्ती प्रेक्षकाला लागली. एकट्याने लिहिणारा बहुतेक वेळा दुसऱ्या ड्राफ्टवर खूश होऊन थांबतो. वर्गात दहा जण ते पान मोठ्याने वाचतात, कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगतात, आणि तिसरा लिहावाच लागतो. माझ्या मते या शिक्षणाचा खरा मोबदला हाच.

कामाची रीत ठरलेली आहे. आधी लॉगलाइन, म्हणजे एका-दोन वाक्यांत गोष्ट, मग सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, मग एकेका कार्डावर एकेक प्रसंग मांडून स्टेप आउटलाइन, त्यानंतर ट्रीटमेंट, म्हणजे सगळी गोष्ट संवादांशिवाय सविस्तर. संवाद सगळ्यात शेवटी. ज्यांना संवाद झरझर सुचतात, त्यांना हे फार जड जातं.

(दृश्य: संग्रहालयातली कपाटं, जुन्या पटकथांची बाडं.)

निवेदन:
आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांच्या तीन वेगळ्या ओळी येतात. 1983 चा 'अर्धसत्य' घ्या. कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य' या नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देवांचे. रूपांतर शिकायला याहून चांगला धडा नाही. आधी कथा वाचायची, मग चित्रपट पाहायचा, आणि प्रत्येक प्रसंगापुढे लिहायचं: हा कथेत होता का? नसेल, तर पटकथाकाराला त्याची गरज का पडली? जुन्या पटकथा चाळायच्या तर लॉ कॉलेज रोडवरच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं.

टीव्हीचं गणित निराळं. रोजच्या मालिकेत कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. भागाची वनलाइन, म्हणजे कुठल्या सीनमध्ये काय घडतं याची थोडक्यात यादी, मंजूर झाली की पुढचं लिखाण सुरू, आणि सकाळी पाठवलेला सीन कधी कधी दुपारीच सेटवर उभा राहतो. वेब सिरीजचं आधी बायबल तयार होतं, मग पायलट, म्हणजे पहिला भाग. पात्रं कोण, त्यांचं जग कसं, शेवटच्या भागापर्यंत कोण कुठे पोचणार, हे सगळं त्या बायबलमध्ये. चार-पाच लेखक एका खोलीत बसून ते ठरवतात. आपला लाडका प्रसंग दुसऱ्याने खोडला तरी तिथे बसून राहता आलं पाहिजे, आणि ती सवय शिकतानाच लागलेली बरी.

हक्कांचा भागही अभ्यासात हवाच. नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही, लिहिलेल्या मांडणीवर येते. स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेत पटकथा नोंदवली की अमुक तारखेला ती आपल्याकडे होती याचा पुरावा राहतो. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीचा रॉयल्टीचा हक्क लेखकाला सोडून देता येणार नाही असं ठरवलं. पहिल्या करारावर सही करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

(दृश्य: लॅपटॉपवर रोमन लिपीतले मराठी संवाद. शेजारी वाचन करणारा नट.)

निवेदन:
एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीतल्या मराठीत, ही पद्धत आता सर्रास झाली आहे. संगमेश्वरची म्हातारी किंवा उदगीरचा हमाल रोमनमध्ये उतरला की त्याचा हेल पानावर राहतच नाही. ल आणि ळ एक होतात, अनुस्वार गळतात, नट दोनदा अडखळतो आणि सरळ प्रमाण मराठीत बोलून मोकळा होतो. लेखकाने गावी जाऊन कान देऊन टिपलेली बोली तिथेच संपते. युनिकोड आल्यापासून देवनागरीत टाइप करायला अडचणही उरलेली नाही.

मराठीच्या एम.ए.ला नाटक अभ्यासाला असतं, त्याच्या शेजारी पटकथाही असावी. आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेने पदविकेसाठी पूर्ण लांबीची, शंभर-सव्वाशे पानांची पटकथा मराठीतून मागावी; वर्णनासकट देवनागरीत, आणि संवाद ज्या त्या गावच्या बोलीत.