फ्रँकेन्स्टाइन: पुस्तक एक, गोष्टी दोन

जिनिव्हाजवळचं एक घर, समोर मोठं ओकचं झाड आणि रात्रीचं वादळ. झाडावर वीज पडते, आणि सकाळी जाऊन बघतात तर नुसतं जळकं खोड उरलंय, लाकडाच्या अक्षरशः चिंध्या. पंधरा वर्षांचा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन वडिलांना विचारतो, हे काय होतं? वडील वीज म्हणजे काय ते सांगतात, छोटं यंत्र बनवतात, आणि तार-दोरा लावलेला पतंग करून ढगातली वीज खाली उतरवून दाखवतात.

हे ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीच्या १८१८ सालच्या पहिल्या आवृत्तीतलं. लेखिका मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची, पुस्तकावर तिचं नाव नाही, प्रती छापल्या फक्त ५००.

आता १८३१ ची आवृत्ती उघडा. झाड तेच, वीज तीच, पण समजावून सांगणारे वडील गायब! तिथे कुणीतरी विद्वान पाहुणा आलाय आणि तो बोलतोय, पतंगबितंग काही नाही. आणि व्हिक्टर आता सारखं नशिबावर ढकलत राहतो, म्हणजे कॉलेजात प्रोफेसरांनी केमिस्ट्रीचं भरभरून कौतुक केलं तर हा म्हणतो ते शब्द प्रोफेसरांचे नव्हतेच, नियतीचे होते, माझा नाश करायला आलेले. १८१८ मध्ये हे वाक्यच नाही. तिथे पोरगा स्वतःच्या पायाने निर्जीव शरीरात जीव ओतायच्या वाटेला जातो, आणि आपण विचारू शकतो, अरे तू थांबला का नाहीस? १८३१ मध्ये तो प्रश्नच बोथट होतो, सगळं आधीच ठरलेलं म्हटल्यावर विचारणार काय.

मधल्या तेरा वर्षांत मेरीचं काय झालं होतं? मुलगी क्लारा व्हेनिसला वारली, पुढच्याच वर्षी मुलगा विल्यम रोमला, आणि १८२२ मध्ये नवरा पर्सी समुद्रात बुडाला. कादंबरीत जो लहानगा मारला जातो त्याचंही नाव विल्यमच, आणि ते तिने स्वतःचा विल्यम जिवंत असताना लिहिलं होतं. पोटात खड्डा पडतो हे वाचून. नियती तिथूनच आली का, ते छातीठोक सांगता येत नाही, मला तरी तसंच वाटतं.

पण गंमत अशी की १८३१ च्या प्रस्तावनेत बाई सांगतात, मी मुख्यतः भाषा सुधारली, गोष्टीला हात लावला नाही. अहो, लावलाय की! १८२३ मध्ये जिनोआत ओळखीच्या एका बाईंना दिलेल्या प्रतीत तिने स्वतःच समासात लिहून ठेवलंय की पुन्हा छापायची वेळ आली तर पहिली दोन प्रकरणं नव्याने लिहीन.

तुमच्या घरी जी कॉपी आहे ती कुठली, हे बघणं सोपं आहे. व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ मुळात कोण ते शोधा. व्हिक्टरची आतेबहीण असेल तर १८१८. कोमो सरोवराजवळच्या गरीब कुटुंबातून आणलेली अनाथ मुलगी असेल तर १८३१.