बांधावरचा माणगा आणि आतलं पीक

मंडळी, बांबू लावा म्हणून सांगणारे आज पुष्कळ भेटतात. एकरी लाखांचे आकडेही दाखवतात. मी तुम्हाला एवढंच सांगायला आलोय की भाताची, नाचणीची जमीन बांबूच्या हवाली करू नका. त्याची जागा बांधावर आहे. आपल्या सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढत आलाय. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, त्यामुळे मांडवाला, शिडीला, माडीच्या कामाला हाच लागतो. तो फुलतो तुरळक आणि बी जवळपास धरत नाही, म्हणून लागवड कंदानं किंवा काठीच्या तुकड्यांनी करायची.

बांबू शेजारच्या पिकाचं खातो, ही तक्रार खरी आहे. त्याची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात, आणि तुमच्या नाचणीची मुळंही तिथेच असतात. म्हणून बांबूचं बेट, म्हणजे त्याचा झुपका, आणि पीक यांच्या मध्ये दीड-दोन फूट खोल चर हवा. तो दरवर्षी पावसाआधी साफ करा, आत आलेली मुळं तोडा. उत्तरेचा बांध मिळाला तर फारच उत्तम. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, मग सावली शेताबाहेर पडते. पहिली तीन वर्षं बांधालगतही काहीही पिकतं. पुढे सावली दाटली की त्या पट्ट्यात नाचणीचा हट्ट धरू नका. तिथे हळद, आलं, सुरण घ्या. बांबूचा पाला लवकर कुजत नाही, तो हळदीच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून चांगला टिकतो.

आता तोडणी. माझ्या मते बेटं बिघडतात ती इथेच. नवा कोंब पावसात येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी जाड होत नाही, फक्त पक्व होते. त्याला तीन वर्षं लागतात. काठीजवळ जाऊन बघा. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी भुकटी असते, गाठींना सालपटं चिकटलेली असतात. जुनी काठी निस्तेज, पिवळसर, अंगावर बुरशीचे ठिपके. तोडायची ती ही. पण नवे कोंब बाहेरच्या अंगाला येतात आणि जून काठ्या मध्ये राहतात. घाईतला माणूस बाहेरून हाताला येईल ती काठी तोडतो. म्हणजे कोवळं गेलं, जून आत अडकलं, आणि पुढचे कोंब ज्यांच्यापासून यायचे तेच कंद दुबळे झाले. त्यासाठी एका बाजूनं आत शिरायला वाट करा, घोड्याच्या नालेसारखी, आणि मधल्या जून काठ्या काढा. कोयता जमिनीलगतच्या गाठीच्या लगेच वर चालवा. गाठीच्या वर पेल्यासारखा पोकळ तुकडा राहिला तर त्यात पाणी साचून बुंधा कुजतो.

कायद्याची भीती मनातून काढा. 1927च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला जात होता. 2017च्या दुरुस्तीनं तो त्या व्याख्येतून वगळला, म्हणजे वनाबाहेर, आपल्या जमिनीत वाढवलेला बांबू आता त्या कायद्यानं झाड ठरत नाही. हा फार मोठा दिलासा आहे आणि तो मिळायला नव्वद वर्षं लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

जून ते सप्टेंबर बेटात कोयता नेऊ नका. त्या दिवसांत गुरं दूर बांधा आणि वानरांवर लक्ष ठेवा. कोवळा कोंब एकदा शेंड्याला मोडला की ती काठी गेली.